ब्रह्मांडाचा उजवा फेरा

शुभमने शाळेच्या गच्चीवरून काढलेला व्हिडिओ वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर लागला आणि मागची पोरं बाकांवर चढली. वरून बघितल्यावर सगळं काय भारी दिसत होतं! मैदानाच्या मधोमध पिवळा फेटा बांधून बसलेला सूर्य, म्हणजे मांडीवर ढोलकी घेतलेले गावच्या जाखडीचे मोरूबुवा. त्यांच्याभोवती आठ ग्रह, उजव्या पायात चाळ बांधून फेरा धरलेले. वाकतायत, उठतायत, गिरकी घेतायत. फेरा असा गोल की कंपासने काढावा.

"अरे, हे आपणच आहोत का?" विपुल ओरडला. विपुल म्हणजे शनी. त्याच्या कमरेला सायकलच्या चाकाची रिंग अडकवलेली होती.

"तूच आहेस. ढोल्या फक्त एकच दिसतोय," सुचिता म्हणाली. सुचिता म्हणजे पृथ्वी. वर्ग फिदीफिदी हसला.

कल्पिता तर हसण्यात सगळ्यांच्या पुढे होती, कारण हे नाटक तिचं होतं. लिहिलं तिने, बसवलं तिने, नाव दिलं तिने: 'ब्रह्मांडाची बारी'. त्यांच्या गावात जाखडी नाचतात ना, मधे बुवा गाणार आणि भोवती नाचे फिरणार, अगदी तसंच. शक्तीवाले गाण्यात सवाल टाकतात, समोरचे तुरेवाले जवाब देतात, या सामन्यालाच म्हणायचं बारी. सूर्यमालेला याहून चांगला नाच मिळालाच नसता! उद्या अलिबागला जिल्ह्याची विज्ञान नाट्य स्पर्धा. आज शेवटची तालीम झालेली. व्हिडिओ संपला, टाळ्या पडल्या.

आणि पेनड्राइव्हमधली पुढची फिल्म आपोआप सुरू झाली.

ती गेल्या शनिवारी मॅडमनी दाखवलेली होती. काळ्याभोर आकाशात मधे सूर्य, भोवती ग्रह, एका लयीत फिरणारे. पोरं टाळ्या वाजवतच होती. कल्पिताचे हात मात्र हवेतच राहिले. फिल्ममधले ग्रह डावीकडे चालले होते. आत्ता पाहिलेले आपले ग्रह उजवीकडे चालले होते.

तिने डोळे चोळले. परत बघितलं.

"मॅडम, ते... ते परत लावता का?"

"काय गं? आपलं?" नूतन मॅडमनी विचारलं.

"नाही, काही नाही," कल्पिता म्हणाली आणि खाली बसली.

आता या कल्पिताचं थोडं सांगायलाच हवं, नाहीतर ती एवढी का घाबरली ते कळायचं नाही. जूनपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा तोंड उघडायची नाही, नुसता हात वर करायची. मग नूतन मॅडम बदलून आल्या. त्यांची पद्धतच वेगळी. दर शनिवारी गणिताची किंवा आकाशाची एखादी फिल्म दाखवायच्या आणि सोमवारी म्हणायच्या, "पडद्यावर बघितलंत, आता अंगाने करा." प्रकाशाचा वेग म्हणून पोरं चेंडू फेकत मैदान पालथं घालायची, वर्तुळाचा 'पाय' (π) काढायला विहिरीच्या काठाला दोर गुंडाळायची. असंच एकदा त्यांनी कल्पिताला शून्य केलं. ती जाऊन सात झालेल्या रघूच्या डाव्या बाजूला उभी राहिली. काहीच झालं नाही, सातचे सातच. तिने इकडे तिकडे बघितलं, पळत वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि एकदम ओरडली, "सत्तर!" वर्ग असा हसला, असा हसला! आणि त्या हसण्यात ती पहिल्यांदा स्वतः हसली. त्यानंतर तिचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. आई म्हणायची, "मॅडमनी काय खायला घातलंय हिला?"

आता जर नाटकच उलटं निघालं, तर? ज्या तोंडाने सगळ्यांना हाका मारून गोळा केलं, त्याच तोंडाला सगळे म्हणतील, बघ, काय केलंस.

मधल्या सुट्टीत तिने मॅडमच्या टेबलावरचं पुस्तक उघडलं. होतंच तिथे, चित्रासकट. उत्तर ध्रुवाच्या वरच्या बाजूने पाहिलं तर सगळे ग्रह सूर्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. सगळे. एकही त्याला अपवाद नाही.

म्हणजे आठच्या आठ चुकलेले! आणि कसे चुकले तेही तिला लगेच कळलं. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "चला, सूर्याभोवती फेरा धरा." आणि आठही जणांनी, कोणी काही न सांगता, सूर्य उजव्या हाताला घेतला होता. देवळात तसंच, तुळशीला तसंच, होळीला तसंच, लग्नात होमाभोवतीही तसंच. शिवाय मधे मोरूबुवा पिवळा फेटा बांधून सूर्यनारायण होऊन बसलेले. देवाला कोण डावा फेरा घालतं? कोणाच्या मनातच आलं नाही. तिच्याही नाही. मॅडमच्याही नाही.

तिने सुचिताला हौदामागे ओढत नेलं.

"सुचे, आपण उलटे फिरतोय."

"कशाचे उलटे?"

"अख्खी सूर्यमाला! पृथ्वी अशी नाही, अशी जाते." कल्पिताने हवेत बोट फिरवून दाखवलं.

सुचिताने चिंचेचं बोटुक चोखलं आणि म्हणाली, "कोणाला कळणारे?"

"परीक्षकांना! विज्ञानाचे असतात ते. गेल्या वर्षी एका शाळेने चंद्राचा स्वतःचा उजेड दाखवला, तर निम्मे गुण कापले म्हणे."

"मग तू गप्प बस ना. तू नाही बोललीस तर कोणीच नाही बोलणार."

ही गोष्ट खरी होती आणि म्हणूनच भयंकर होती. कल्पिता तासभर गप्प बसली. पण डोकं काही गप्प बसेना. इतिहासाचा तास चालू होता आणि तिला खिडकीवरचा पंखा दिसत होता, फिरणारा, आणि तो कोणत्या बाजूने फिरतोय हेच ती बघत होती. पाणी प्यायला गेली तर मोरीच्या भोकात पाणी गोल गोल जाताना दिसलं. सगळं जग फिरत होतं आणि तिला विचारत होतं, बरोबर का चूक?

शेवटी ती मॅडमकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

नूतन मॅडमनी पुस्तक बघितलं, व्हिडिओ बघितला, फिल्म बघितली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. मग खुर्चीत टेकल्या. "माझं लक्ष जायला हवं होतं. मी रोज समोर उभी होते."

"मॅडम, अजून दुपार आहे. उलटा फेरा बसवू?"

"जमेल?"

"जमवू," कल्पिता म्हणाली. नवीनच आलेला आत्मविश्वास होता, त्याला थांबणं माहीतच नव्हतं.

तर काय सांगायचं! जमलं नाही. पाय ऐकतच नाहीत हो! लहानपणापासून गणपतीत, शिमग्यात उजवा फेरा धरलेले पाय ते. डावा फेरा म्हटल्यावर बुध उजवीकडे गेला, शुक्र डावीकडे, दोघांची डोकी आपटली. विपुलच्या कमरेची रिंग गुरूच्या ओढणीत अडकली. आणि मोरूबुवांनी ढोलकीवरचा हातच उचलला.

"काय चाललंय ह्ये?"

"बुवा, ग्रह खरे असे फिरतात," कल्पिता म्हणाली. "पुस्तकात आहे."

"आसंल. पर माझ्या भवती न्हाय फिरायचे." बुवांनी फेटा सारखा केला. "साठ वर्सं ढोलकी वाजवतोय. उलट्या फेऱ्याला माझा हात उठत न्हाय, बाय. उलटा फेरा कधी धरत्यात म्हाईत हाय ना?"

माहीत होतं. स्मशानात. कल्पिताने मान खाली घातली.

"एकदा, फक्त एकदा ढोलकीशिवाय बघू," ती म्हणाली. आणि ते 'फक्त एकदा' सुचिताला भोवलं. गिरकी घेऊन डावीकडे वळताना तिचा पाय वाकडा पडला आणि ती मैदानात बसली, ती तशीच, घोटा धरून.

सगळे धावले. मॅडमनी बर्फ मागवला. आणि त्या गडबडीत विपुल, चाकाच्या रिंगमध्ये उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मोठी दिग्दर्शक! आधी गप्प बसायचीस तेच बरं होतं."

कल्पिता खाली वाकून सुचिताच्या पायातले चाळ सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्स निघाली. तळा गावाहून रोहा, रोह्याहून साळाव, खाडीवरचा पूल ओलांडून रेवदंडा. इतर वेळी अशी गाडी निघाली की गाणी, भेंड्या, खिडकीतून ओरडणं. आज सगळे आपापले चाळ मांडीवर घेऊन बसलेले. खड्डा आला की घुंगरू वाजायचे, तेवढंच. सुचिताच्या घोट्याला पट्टी होती. "नाचणार मी," ती म्हणत होती, "पण डावीकडे एक पाऊलसुद्धा टाकणार नाही, आधीच सांगते." मॅडमनीही रात्री ठरवून टाकलं होतं: होतं तसंच करायचं. जे कापतील ते गुण कापतील.

कल्पिता बुवांशेजारी बसली होती. नाटक संपलं की परीक्षक प्रश्न विचारतात. तेव्हा माईक लेखकाच्या हातात देतात. म्हणजे तिच्या. तिला ते दिसत होतं, तो माईक, ते डोळे, आणि आपला वर केलेला मुका हात.

चौलला चहासाठी गाडी थांबली. पोरं वडापावच्या गाडीकडे पळाली. बुवा शंकराच्या देवळात पाया पडायला निघाले, तशी कल्पिता त्यांच्या मागे गेली. बुवांनी प्रदक्षिणा सुरू केली, पाणी बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत गेले, तिथे थांबले आणि आल्या वाटेने उलटे परत फिरले.

"बुवा!" कल्पिता जवळजवळ किंचाळली. "आत्ता तुम्ही डावा फेरा घेतलात!"

"न्हाय."

"घेतलात! मी बघितलं! शंकराला चालतो, मग आम्हाला का नाही?"

"अगो, ती पन्हळ वलांडायची नसते म्हणून माघारी येत्यात. अर्ध्यातनं माघारी येणं म्हंजे उलटा फेरा न्हवं." त्यांनी घंटा वाजवली. "वकीलीण व्हणार तू."

म्हणजे तेही गेलं. कल्पिता पाय ओढत गाडीकडे आली. गाडी अलिबागच्या दिशेला, म्हणजे उत्तरेला तोंड करून उभी होती. आत लांब बाकावर सुचिता एकटीच आडवी झाली होती, दुखरा पाय पिशवीवर ठेवून, डोकं ड्रायव्हरच्या बाजूला. मागून आलेल्या बुवांनी आत डोकावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ए पोरी, दक्षिनंला पाय करून निजतात का? जमाची दिशा ती. उठ, डोकं तिकडं कर."

"बुवा, पाय दुखतोय माझा!"

"म्हणूनच सांगतोय. उलटी हो."

सुचिता कुरकुरत उठली, वळली, पिशवी पलीकडे ढकलली आणि दक्षिणेला डोकं करून पुन्हा आडवी झाली.

कल्पिता दारात उभी राहून बघत होती. तोच बाक. तीच सुचिता. तीच गाडी, एक इंचही हललेली नाही. फक्त डोकं या टोकाला होतं ते त्या टोकाला गेलं.

"सुचे," ती हळू म्हणाली. "तू पृथ्वी आहेस ना?"

"नको आता. प्लीज."

"पृथ्वीचं डोकं उत्तरेला, असं कोणी सांगितलं?"

"नकाशात असतं. उत्तर वर असते."

"नकाशात! कागदावर! आकाशात कुठे आहे वर?" आता तिचा आवाज चढायला लागला होता. "आपण उभे राहिलो की डोकं म्हणजे उत्तर, असं आपणच धरलं. पुस्तकात काय लिहिलंय? उत्तरेकडून पाहिलं तर! आणि दक्षिणेकडून पाहिलं तर?"

सुचिताने मान उचलली. "तर काय?"

कल्पिताला उत्तर माहीत होतं असं वाटत होतं, पण कालही तिला असंच वाटत होतं की सगळं बरोबर आहे. खात्री करायला हवी होती. खिडकीच्या काचेवर रस्त्याची लाल धूळ बसली होती. तिने आत जाऊन काचेवर बोट टेकवलं. बाहेर शुभम वडापाव खात उभा होता.

"शुभम! मी गोल फिरवतेय, बघ. कोणत्या बाजूने जातंय बोट?"

"डावीकडे. म्हणजे घड्याळाच्या उलटं," शुभम भरल्या तोंडाने म्हणाला. "का गं? डोकं फिरलंय का तुझं?"

आतून ते बोट उजवीकडे फिरत होतं. घड्याळासारखं.

मग काय, गाडीत एकच कालवा! मॅडम चहाचा कप घेऊन धावत आल्या. एकदा आतून बघितलं, एकदा बाहेरून, आणि कप बॉनेटवर ठेवून स्वतः काचेवर बोट फिरवत बसल्या. बुवांनाही उतरवून, चढवून दाखवलं. विपुल एवढंच म्हणाला, "मग काल माझी रिंग कशाला अडकवलीत?"

"म्हणजे आपण चूक नाही?" सुचिताने विचारलं.

"डोकं दक्षिणेला धरलं तर नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा उत्साह जरा ओसरला. "पण ते परीक्षकांना सांगायला हवं. न सांगता चूकच दिसेल. आणि सांगायचं तर... कल्पिता, नीट विचार कर. कदाचित त्यांच्या लक्षातच येणार नाही. आपण बोललो, तर सगळ्या सभागृहाच्या लक्षात येईल."

"विचारल्यावर सांगूया," विपुल म्हणाला.

"तेव्हा ती सारवासारव वाटेल," कल्पिता म्हणाली. "नाटकातच सांगायचं. बारीत सवाल असतो ना? शक्तीवाल्यांचा. मी प्रेक्षकांत बसते आणि मधेच उठून सवाल टाकते. बुवा जवाब देतील."

सगळ्यांनी बुवांकडे बघितलं.

"काय जवाब देऊ?"

"मी लिहून देते, बुवा. गाडीत पाठ करा."

"लिवलेलं मला जमत न्हाय. डोळं न्हायत नि आता पाठांतरबी न्हाय." बुवांनी धोतराचा सोगा झटकला. "तू सवाल टाक. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हंजे बघू."

चौल ते अलिबाग एवढा लांब रस्ता कल्पिताने आयुष्यात पाहिला नव्हता. एका बाजूला ती सवाल जुळवत होती, दुसऱ्या बाजूला बुवा खिडकीला डोकं टेकून चक्क घोरत होते. तिला वाटलं त्यांना हलवावं, गदागदा. त्यांना काच समजली होती का? खरंच समजली होती, की पोरीचं मन राखायला मान हलवली होती? जवाब आलाच नाही, तर ती भर सभागृहात उभी राहून स्वतःच्याच नाटकाला चूक म्हणून मोकळी झालेली असेल. एवढंच. त्यापुढे काही नाही.

सभागृह पोरांनी गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत तीन परीक्षक. मधल्या बाई जाड चष्म्याच्या, एका नाटकालाही हसल्या नव्हत्या. कल्पिता सातव्या रांगेत, अनोळखी शाळेच्या पोरांमध्ये जाऊन बसली. शेजारच्या मुलीने विचारलं, "तुमचं झालं का?" तिने नुसतं स्टेजकडे बोट दाखवलं.

पडदा वर गेला. ढोलकी घुमली. पिवळ्या फेट्याचा सूर्य मधे बसला आणि आठ ग्रह चाळ वाजवत आले. उजवा फेरा. सुचिता लंगडत होती, पण अशी लंगडत होती की वाटावं पृथ्वीची चालच ती. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कल्पिताचं लक्ष मात्र त्या चष्म्याकडे होतं. बाई जरा पुढे झुकल्या. शेजारच्या परीक्षकांच्या कानात काहीतरी बोलल्या, आणि त्यांचं बोट, पेन धरलेलं, हवेत एक लहानसा गोल काढून थांबलं.

त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता उठायचं होतं. आत्ता. पाय उठेनात. एक फेरा गेला. बुवांनी ढोलकी मंद केली, म्हणजे सवालाची जागा झाली. दुसरा फेरा गेला. सुचिता फिरता फिरता अंधारात तिला शोधत होती.

कल्पिता उठली.

"थांबवा!" ती ओरडली. आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. "थांबवा ती बारी!"

तीनशे डोकी मागे वळली. "ए, बस खाली!" कोणीतरी बोंबललं. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक रांगेतून वाट काढत तिच्याकडे यायला लागला. त्याला कसं माहीत असणार! त्याला वाटलं, आली कोणीतरी आगाऊ मुलगी स्पर्धा मोडायला. त्याने तिचा दंड धरला. आणि दंड धरलेल्या अवस्थेतच तिने सूर लावला:

"बारी तुमची लई देखणी, फेरा जातो उजवीकडे,
पोथीमंदी लिवलंय बुवा, धरती फिरते डावीकडे!
उलटं तुमचं ब्रह्मांड सारं, सांगा याचं कारण काय?
नायतर ढोलकी ठेवा खाली, अन् आमचे धरा पाय!"

स्वयंसेवकाने हात सोडला. फेरा थांबला. मधे सूर्य बसलेला, हात ढोलकीवर, डोळे मिटलेले.

कल्पिता मनातल्या मनात ओरडत होती. बोला ना बुवा. काहीही बोला. बाकी काही नको, ढोलकीवर एक थाप तरी मारा. चष्म्याच्या बाई तिच्याकडे वळून बघत होत्या. विंगेत नूतन मॅडमनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. विपुल रिंग धरून दगड झालेला.

मग बुवांनी एक डोळा उघडला. बोटं हलली. धिन ता, धिन ता, सावकाश, जणू अख्खी सकाळ पडली आहे.

"वरची बाजू उत्तर म्हणून कोणी दिली लिहून गं?
आभाळाला ना आढं ना जोतं, बघ जरा नीट पाहून गं!
दक्षिनंला डोई करून आम्ही निजतो रोज घरी,
तिकडनं जर बघशील पोरी, फेरा आमचा बराबरी!"

आणि दणकन थाप पडली, फेरा सुटला, उजवीकडे, आणि सभागृहाने छप्पर डोक्यावर घेतलं. कल्पिता मटकन खाली बसली. शेजारच्या मुलीने विचारलं, "तू त्यांच्यातलीच आहेस का?" तिने मान हलवली.

पण ते संपलं नव्हतं. पडदा पडल्यावर तिला स्टेजवर बोलावलं, माईक हातात दिला, आणि मधल्या बाई उभ्या राहिल्या.

"सवाल छान होता. एक सांगा, दक्षिणेचं हे तुम्ही पहिल्यापासून ठरवून बसवलं होतं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! मागे विपुल कुजबुजला, "हो म्हण, हो म्हण." कल्पिताने माईक दोन्ही हातांनी धरला.

"नाही, मॅडम. देवळात फिरतो तसे फिरलो. चुकून. मला काल कळलं. उलटं करायला गेलो तर हिचा पाय मुरगळला." सभागृह हसलं. सुचिताने पट्टीवाला पाय पुढे करून दाखवला. "मग आज येताना कळलं की दक्षिणेकडून बघितलं तर हाच फेरा बरोबर आहे."

"म्हणजे काल चूक होतं आणि आज बरोबर? फेरा तर तोच आहे." बाई हसत नव्हत्या. "तो एकाच वेळी उजवाही आणि डावाही कसा असेल? हे गाण्यात म्हणणं सोपं आहे. मला पटवून द्या."

काच नव्हती. धूळ नव्हती. फळा नव्हता, पुस्तकही नव्हतं. कल्पिताने रिकाम्या हाताकडे बघितलं. जूनमधली ती मुलगी आत कुठेतरी उभी होती, हात वर करून, गप्प. हात वर करून...

"सगळ्यांनी एक बोट वर करा," ती म्हणाली. "छताकडे. डोक्याच्या वर."

कोणीच केलं नाही. मग सातव्या रांगेतल्या त्या मुलीने केलं. मग तिच्या शाळेने. मग एकेक करत सगळ्या सभागृहात बोटं उगवली.

"आता मान वर करून बघत, घड्याळासारखं गोल फिरवा. उजवीकडे. फिरवत राहा. थांबायचं नाही! आता फिरवता फिरवता हात खाली आणा. डोळ्यांच्या खाली, छातीच्याही खाली. थांबायचं नाही म्हटलं ना! आता वरून बघा."

मग कुठेतरी एक पोरगा ओरडला, "अरे! हे उलटं कधी फिरलं?" आणि सगळीकडे एकच गलका उडाला. बोटं वर जात होती, खाली येत होती, पोरं एकमेकांच्या हातांना धरून बघत होती, पडद्याची दोरी ओढणारा माणूससुद्धा दोरी सोडून बोट फिरवत होता.

कल्पिता कोणाकडेच बघत नव्हती. ती फक्त पहिल्या रांगेत बघत होती. गुण कापतील की देतील, तिला काहीच कळत नव्हतं.

जाड चष्म्याच्या बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. बोट वर नेलं, फिरवत खाली आणलं, थांबल्या, चष्मा काढला.

"थांब हं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "परत एकदा."

आणि त्यांनी पुन्हा हात वर केला.